क्रमांक ४८८ चा शेरा

पोस्टमन बाबुलालने सायकल भिंतीला टेकवली, ओट्यावर बसून चहाचा पहिला घोट घेतला आणि पोस्टकार्ड मोठ्याने वाचायला घेतलं. कार्ड तेजराम गुरुजींच्या नावाचं होतं आणि ओटा देवाजीचा होता. चिचटोला गावात यात कुणाला काही वावगं वाटत नसे. पाकीट असलं तर बाबुलाल ते मुकाट ज्याच्या त्याच्या हातात देई. पण कार्ड म्हणजे उघडं, आणि उघडं ते सगळ्या गावाचं, असा त्याचा वीस वर्षांचा नियम होता. दर मंगळवारी पवनीहून उन्हातान्हात सायकल हाणत यायचं आणि कार्डही वाचायचं नाही, मग माणसाने नोकरी करायची तरी कशासाठी, तुम्हीच सांगा!

"गुरुजी तं भंडाऱ्याले ट्रेनिंगले गेले," देवाजी म्हणाला. "पुढच्या मंगळवारी येतीन. ठेवून दे माह्यापासी."

"ठेवतो ना. पण आयका तं खरं. परसरामचं हाय."

परसराम हा गावच्या जुन्या कोतवालाचा मुलगा. बाप पटवाऱ्याबरोबर शेतं मोजायची साखळी धरायचा, मुलगा म्हशी राखता राखता गुरुजींच्या हाताखाली शिकला आणि थेट हैदराबादकडे सरकारी नोकरीत चिकटला. नोकरी कसली, ते गावात कुणालाच नीट ठाऊक नव्हतं. त्याची आई सीताबाई सांगायची, "माहा परसराम सरकारी फोटो मोजते." फोटो काढतात, चौकटीत बसवतात, हे गावाला माहीत होतं. फोटो मोजतात कसा, हे विचारायला कुणी गेलं नव्हतं.

बाबुलालने घसा साफ केला. "ती. गुरुजींना साष्टांग नमस्कार. एक आनंदाची बातमी. क्रमांक ४८८ ची नोंद काल पक्की झाली. फार अंधुक प्रकरण असल्याने आजवर कोणाच्या नजरेत आलं नव्हतं. फोटो भिंगाखाली धरून जागा लिहिली, लांबी-रुंदी मोजली, प्रत लावली. शेऱ्यात मी लिहिलं आहे की, मोठी आपल्या शेजारच्या लहानीला हळूहळू ओढून घेत आहे आणि हे पुष्कळ काळापासून चालू असावं. साहेबांनी पाहून सही केली. आता वरचे लोक स्वतः पुन्हा तपासणार आहेत. सविस्तर पुढच्या कार्डात. आपला परसराम." बाबुलालने कार्ड उलटंपालटं केलं. "काही समजलं काय जी?"

"नाही," देवाजी म्हणाला. पण त्याने हातातला चहा न पिताच खाली ठेवला होता.

आता देवाजीला काय समजलं, ते आपण समजून घेऊ. सरकारी मोजणीतला खसरा नंबर ४८८ ही देवाजीची तलावाखालची तीन एकरांची धानाची बांधी, म्हणजे भातखाचर. तिला लागून ४८९, ती भैयाजीची. अर्धा एकर. भैयाजीला तलावाचं पाणी मिळणारी तेवढी एकच जमीन. दोन्हींच्या मधे मातीचा धुरा, म्हणजे बांध. दर मे महिन्यात, पावसाआधी, धुऱ्याला माती लावायची रीत आहे. देवाजीही लावायचा. फक्त आपल्या बाजूची माती कुदळीने कापायचा आणि भैयाजीच्या बाजूला लावायचा. वर्षाला एक वीत. तलावाच्या पाळीकडचं टोक सगळ्यांच्या नजरेत, म्हणून तिथे धुरा इमानदार राहिला. पण लांबच्या टोकाला तो वर्षावर्षाने पलीकडे वाकत गेला. बारा वर्षांत बारा विती झाल्या, म्हणजे सहा हात! तिथला हद्दीचा दगड देवाजीने पहिल्याच वर्षी ठोकून मातीखाली घातला होता.

आणि हे कोण करत होतं? गावचा पंच! धुऱ्याचं भांडण झालं की लोक देवाजीच्याच ओट्यावर यायचे आणि देवाजी कपाळाला आठ्या घालून म्हणायचा, "अरे, धुरा सरकवनं म्हंजे मायचं लुगडं ओढनं होय!" मागच्याच वर्षी मारोतरावांच्या पोराला त्याने एका वितेसाठी अख्ख्या गावासमोर कान धरायला लावले होते. तेव्हा आता फोटो, भिंग, साहेबाची सही आणि वरचे लोक, असं सगळं एका कार्डात ऐकल्यावर त्याची पाचावर धारण बसली. पंधरा दिवसांपूर्वी गावावरून एक विमान गेलं होतं. पोरं ओरडत मागे धावली होती. देवाजी तेव्हा धुऱ्यावरच होता, कुदळ घेऊन. त्याने वर पाहून हातही हलवला होता!

"बाबुलाल," तो घाईने म्हणाला, "हे कार्ड कोणाले सांगू नको हो."

"काहून जी?"

"गुरुजीचं हाय ना. दुसऱ्याचं पत्र हाय. बरं नाही दिसत." एवढं बोलून तो आत गेला आणि पाच पिकलेले आंबे आणून बाबुलालच्या थैलीत घातले.

इथेच सगळं बिघडलं. देवाजीच्या दारात वीस वर्षं चहा पिणाऱ्या बाबुलालने त्या घरचा आंबा फक्त झाडावर पाहिला होता. त्याने एक आंबा बाहेर काढला, हुंगला, बोटाने दाबला. कुठे किडकाही नव्हता. ओटा उतरताना त्याने दोनदा मागे वळून पाहिलं आणि गावाबाहेर पडायच्या आधी सायकल सरळ भैयाजीच्या अंगणात नेली.

"भैयाजीभाऊ, देवाजीनं मले आंबे देल्ले."

"नासके असतीन."

"चांगले हायेत! पाच!"

भैयाजीने बिडी विझवली. "पाच? मंग काहीतरी गडबड हाय बाप्पा."

इकडे देवाजीने कार्ड बंडीच्या खिशात कोंबलं. त्याची बायको ललिताबाई सुपात तांदूळ पाखडत बसली होती. तिने मान वर न करता विचारलं, "कोनाचं पत्र होय जी?"

"गुरुजीचं."

"मंग तुमच्या खिशात काहून?"

"जपून ठेवलं."

"माहेरून माह्या भावाचं पत्र आलं, तं तुम्ही त्यावर तंबाखू ठेवून राहिले होते. अन गुरुजीचं खिशात जपून राहिले?" ललिताबाईने सूप खाली ठेवलं. "खरं सांगा, काय केलं तुम्ही?"

"मी काय करतो! तुले तं जवा पाहावं तवा संशय!" देवाजी ओरडला आणि टोपी घालून घराबाहेर पडला. टोपी त्याने उलटी घातली होती, हे ललिताबाईने नीट पाहून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी देवाजी सीताबाईच्या दारात हजर झाला. परसराम गेल्यापासून पाच वर्षांत तो तिथे कधी फिरकला नव्हता, त्यामुळे सीताबाईने आधी विचारलं, "कोन मेलं काय जी?"

"नाही वो. सहज आलो. परसराम बरा हाय ना? म्हटलं, त्याचं ते फोटोचं काम... कायचे फोटो असतेत ते?"

"वरचे."

"वरचे म्हंजे? वरून काढलेले?"

"मले काय मालूम! वरचे म्हनत होता. लय वरचे." सीताबाईने हात उंच केला. "एवढा मोठा कारखाना हाय म्हने त्याह्यचा. चाकावर फिरते. रातभर फोटो काढतेत अन दिवसभर हा मोजते."

"रातचे भी काढतेत?" देवाजीने वर आभाळाकडे पाहिलं. कधी कधी धुऱ्याचं काम त्याने संध्याकाळी अंधार पडल्यावरही केलं होतं.

"हो तं! अन माहा पोरगा भल्ला बारीक नजरेचा. साहेब म्हनते, दुसऱ्याले जे दिसत नाही, ते परसरामले दिसते. बोटभर डाग असला तरी सोडत नाही." सीताबाई मायेने हसली. "चाय ठेवू काय?"

देवाजीला चहा नको होता. त्याला आता एकच गोष्ट हवी होती. वरचे लोक तपासायला येतील त्याच्या आत धुरा जागेवर गेला पाहिजे, तोही कुणाला न कळता. नाहीतर ज्या ओट्यावर मारोतरावांच्या पोराने कान धरले, त्याच ओट्यावर आपल्याला धरावे लागतील, आणि आपले कान तर जन्मतःच मोठे. रात्री तो जेवला नाही. ललिताबाईने दोनदा कपाळाला हात लावून पाहिला. ताप नव्हता, त्यामुळे तिचा संशय आणखी वाढला.

गुरुवारी शेजारच्या गावात लग्न होतं. झाडून सगळं गाव पंगतीला गेलं. देवाजीने "पोट बिघडलं" असं सांगितलं आणि दुपारी बारा वाजता, मे महिन्याच्या त्या उन्हात, कुदळ, फावडं आणि घमेलं घेऊन बांधीवर पोचला. पण धुरा नेमका कुठवर मागे न्यायचा? बारा वर्षांत त्याचं त्यालाच आठवत नव्हतं. आधी हद्दीचा दगड शोधायला हवा होता. म्हणून तो आपल्याच बांधीत, अंदाजाने, एक इथे आणि एक तिथे असे खड्डे घेऊ लागला.

तिकडे पंगतीत भैयाजीने पहिला घास घेतला आणि इकडेतिकडे पाहिलं. "देवाजी नाही आला?"

"पोट बिघडलं म्हने. पण कुदळ-फावडं ओट्यावर काढून ठेवलं होतं," मारोतराव म्हणाले.

"फुकटच्या पंगतीले? देवाजीचं?" भैयाजीने हातातला घास खाली ठेवला. "मंगळवारी आंबे वाटते, बुधवारी सीताबाईकडे जाऊन बसते, आज पंगत सोडते. तुमाले काही वास येऊन राहिला काय जी?"

वास सगळ्यांनाच आला. आणि कसला आला, तेही ऐका. दहा-बारा वर्षांपूर्वी पवनीला मातीखालून जुन्या काळच्या विटा आणि कोरीव दगड निघाले होते. मोठे मोठे साहेब येऊन राहिले होते. तेव्हापासून त्या भागात कुणी ठरल्यापेक्षा हातभर खोल खणलं, की त्याला काहीतरी सापडलं, अशी बातमी त्याची विहीर होण्याआधी तालुक्यात पोचायची. भैयाजी, मारोतराव आणि आणखी तिघे जण मठ्ठा न पिताच उठले. तलावाच्या पाळीवर येऊन पाहतात तो, पंच देवाजी डोक्याला पंचा गुंडाळून, घामाने न्हाऊन, आपल्याच शेतात चौथा खड्डा खणतोय!

"काय गवसलं रे देवाजी?" भैयाजी पाळीवरूनच ओरडला.

देवाजी इतका दचकला की कुदळ पायावर पडता पडता राहिली. "काही नाही! धुऱ्याले माती लावून राहिलो!"

"धुरा तिकडे हाय. तू इकडे काहून खंदून राहिला?"

"माती घेऊन राहिलो."

"चार जागून?"

"एका जागची माती चांगली नसते!"

मारोतराव खाली उतरले. पोराने कान धरलेले ते अजून विसरले नव्हते. "देवाजी, जमिनीतलं धन एकट्याचं नसते. गावाचं असते, सरकारचं असते. तू पंच हायेस, तुले आमी काय सांगावं?"

"अरे बापहो, धन कायचं घेऊन बसले! तुमची आन, काही नाही इथं!"

"आन घेते म्हंजे नक्की हाय," भैयाजी म्हणाला आणि त्याने देवाजीच्या हातातली कुदळ काढून घेतली. बाकीच्यांनी शेजारच्या शेतांतल्या झोपड्यांतून कुदळी-फावडी आणली.

पुढच्या अर्ध्या तासात देवाजीच्या बांधीची जी खणाखणी झाली, तशी त्याने मजुरी देऊनही कधी करवून घेतली नसती. पाच जण, पाच जागी, पंगतीचे कोरे सदरे घालून, एकमेकांच्या खड्ड्यात तिरक्या नजरेने पाहत घाम गाळत होते. देवाजी मधे उभा राहून "नका रे, नका" म्हणत होता, आणि तो जितकं नका म्हणे तितकी कुदळ जोरात पडे. एकाला लोखंडाचा नाल सापडला, एकाला मडक्याचं खापर. आणि मग भैयाजीच्या कुदळीखाली खणकन आवाज झाला.

सगळे धावले. हातांनी माती उकरली. चौकोनी, घडीव दगड! मारोतरावांनी भक्तिभावाने टोपी काढली. "मूर्ती होय. पालथी पडली हाय."

भैयाजीने दगडावरची माती पुसली. वरच्या बाजूला सरकारी मोजणीची फुली होती. त्याने दगडाकडे पाहिलं, तिथून सहा हातांवर असलेल्या धुऱ्याकडे पाहिलं, आणि मग देवाजीकडे पाहिलं. मारोतरावांनी टोपी परत घातली.

"हा तं हद्दीचा दगड होय," ते हळूच म्हणाले. "अन धुरा तिकडे कसा?"

देवाजीने उघड्या दगडाकडे पाहिलं. आता संपलं, असं त्याला वाटलं. पण वीस वर्षं पंच असलेल्या माणसाची जीभ त्याच्या डोक्याच्या आधी धावते. "तेच तं!" तो एकदम ओरडला. "तेच तं शोधून राहिलो होतो ना मी! मले शंका होती, का धुरा पान्यापावसानं भैयाजीच्या आंगावर गेला. म्हटलं, पंच हाव, आधी आपला धुरा पाहावा, मंग दुसऱ्याचा. तुमाले कायले सांगावं? चूपचाप दगड काढावा अन चूपचाप धुरा मांगं घ्यावा."

पाची जण त्याच्याकडे पाहत राहिले. मग मारोतरावांच्या डोळ्यांत पाणीच आलं. "देवाजी! भर उन्हात, पंगत सोडून! अन आमी पापी तुह्यावर संशय घेऊन राहिलो!" त्यांनी देवाजीला मिठी मारली. इतरांनी फावडी उचलली, आणि संध्याकाळपर्यंत सगळ्यांनी मिळून धुरा सरळ करून दगडाला आणून भिडवला. देवाजीला कुणी घमेलं उचलू दिलं नाही. तो झाडाखाली बसून आपले सहा हात जाताना पाहत होता. भैयाजी मात्र काम करताना एक शब्दही बोलला नाही, आणि देवाजीला त्याचीच जास्त भीती वाटली.

पुढचे चार दिवस चिचटोल्यात दुसरा विषय नव्हता. पंच असावा तर असा! बायका ललिताबाईला पाण्यावर विचारायच्या, "भल्ला देवमानूस हाय जी तुमचा?" ललिताबाई म्हणायची, "हाय खरा." पण घागर उचलताना तिचा चेहरा काही देवमाणसाच्या बायकोसारखा दिसत नसे. देवाजी ओट्यावर ताठ बसू लागला. वरचे लोक आता खुशाल येऊ देत, त्याला काही चिंता नव्हती.

मंगळवारी तेजराम गुरुजी आले. देवाजीच्या ओट्यावर पाच-सहा मंडळी होती, भैयाजीही खांबाला टेकून बसला होता. देवाजीने कार्ड आणून दिलं. गुरुजींनी वाचलं आणि ते ओट्यावरच टुणकन उडाले.

"शाब्बास रे परसराम! देवाजी, तुम्हाले समजलं काय हे? अहो, आपल्या गावच्या पोराने दीर्घिका शोधली!"

"का शोधली?"

"दीर्घिका! आभाळातली! आपला सूर्य जशा कोट्यवधी ताऱ्यांच्या मेळ्यात आहे, तसा दुसरा मेळा. इतका लांब, इतका अंधुक, की फोटोत तो काचेवर पुसलेल्या बोटासारखा दिसते. मधे गाभा, अन भोवऱ्यासारखे फिरलेले हात. परसराम वेधशाळेत हेच काम करते."

देवाजी एकाच शब्दावर अडकला होता. "आभाळातली?" त्याने विचारलं. "म्हंजे, जमिनीचे फोटो नाही?"

"जमिनीचे कायले? त्या फिरत्या घुमटातली दुर्बीण वर तोंड करून असते." गुरुजी आता वर्गात शिरल्यासारखे उभे राहिले. "रात्रभर दुर्बीण आभाळाच्या एका तुकड्यावर धरतात अन काचेच्या पट्टीवर फोटो घेतात. मग ती काच उजेडावर ठेवायची अन भिंगाने बोट-बोट पाहायची. तारा असला तं ठिपका टणक. दीर्घिका असली तं कडा भुरकट. सापडली की तिची आभाळातली जागा लिहायची, लांबी-रुंदी मोजायची, किती अंधुक ते ठरवायचं, कोण्या जातीची ते लिहायचं, अन शेवटच्या रकान्यात शेरा. मग यादीत नंबर. हजारो नंबर असतेत अशे."

"हे तं पटवाऱ्याचं काम झालं!" मारोतराव म्हणाले.

"आभाळाचा पटवारीच समजा!"

"अन मालकाचा रकाना?"

"मालक नसते तिथं."

लांबी-रुंदी आहे, नंबर आहे, शेरा आहे, आणि मालक नाही, अशी जमीन चिचटोल्याने ऐकली नव्हती.

"अन ते मोठी लहानीले ओढते?" देवाजीने खोल गेलेल्या आवाजात विचारलं. "ते भी वरच?"

"वरच. दोन दीर्घिका शेजारी असल्या की मोठी लहानीला आपल्याकडे ओढते. तिथून निघालेला उजेड आपल्यापर्यंत यायलेच वीस कोटी वर्षं लागले."

"म्हंजे ही चोरी वीस कोटी वर्षाअगोदरची!"

"चोरी कोणती?"

"नाही, ओढाओढ म्हनून राहिलो मी." देवाजी भिंतीला टेकला. सहा हात! बारा वर्षांची मेहनत! वीस कोटी वर्षांपूर्वीच्या कुठल्या तरी भुरकट डागापायी आपण आपल्या हाताने घालवून बसलो! त्याला रडावंसं वाटलं. मग हळूहळू त्याचं डोकं चालू लागलं. कुणी येणार नाही. कुणी पाहिलेलं नाही. उलट आता तर नाव असं झालंय की आपल्यावर कुणी बोट ठेवणार नाही. यंदा राहू द्यावं. पुढच्या मे महिन्यात, वीतभर... वीतभर कशाला, दीड वीत...

तेवढ्यात सायकलची घंटी वाजली. बाबुलालने चहा येण्याचीही वाट पाहिली नाही. "गुरुजी, परसरामचं दुसरं कार्ड!" आणि गुरुजींनी पुढे केलेला हात बाजूला सारून त्याने नियमाप्रमाणे वाचायला सुरुवात केली.

"ती. गुरुजींना साष्टांग नमस्कार. ४८८ ची हकीकत आता सविस्तर लिहितो. साहेबांनी मला विचारलं, एवढ्या भुरकट डागात तुला ही ओढाओढ दिसली कशी? बाकीच्यांना नुसता एक वाकडा हात दिसला होता. मी म्हटलं, साहेब, लहानपणी मी तलावाखाली म्हशी राखायचो, तेव्हा आमचे देवाजीकाका दर मे महिन्यात भैयाजीकाकांच्या बांधीत धुरा..." बाबुलालचा आवाज बारीक झाला, पण नियम तो नियम. "...धुरा वीतभर सरकवायचे. तो धुरा एका टोकाला सरळ आणि दुसऱ्या टोकाला असाच लहानीकडे वाकत गेला होता. काचेवर तो वाकडा हात पाहिला आणि मला तोच धुरा दिसला. गंमत म्हणजे त्याही बांधीचा खसरा नंबर ४८८. बाबांबरोबर साखळी धरताना पाठ झालेला. साहेब खूप हसले आणि मला शाबासकी दिली. ती खरी देवाजीकाकांची आहे. त्यांना माझा नमस्कार सांगावा."

देवाजी खाली मान घालून ओट्याच्या फटीकडे पाहत राहिला. दाराआड ललिताबाईच्या बांगड्या वाजल्या आणि थांबल्या.

पहिले हसले ते मारोतराव. "परसरामच्या डोक्यावर परिनाम झाला बाप्पा आभाळ पाहू पाहू! अरे, ज्यानं सोताच्या हातानं दगड काढून सहा हात वापस केले, त्याच्यावर आळ घेते!" बाकीचेही हसू लागले. शहरात गेलं की पोरं बिघडतात, यावर सगळ्यांचं एकमत झालं. देवाजी वाचला होता. अगदी साफ वाचला होता.

भैयाजी हसला नाही. तो खांब सोडून देवाजीच्या शेजारी येऊन बसला आणि दुसऱ्याला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाला, "मले बारा वर्षापासून मालूम होतं."

देवाजीचं तोंड उघडं राहिलं. "मंग... मंग बोलला काहून नाही तू?"

"कोनापासी बोलू? धुऱ्याची तक्रार पंचापासी न्या लागते. पंच तूच."

वीस वर्षांत पहिल्यांदा देवाजीची जीभ डोक्याच्या मागे राहिली. त्याला भैयाजीबरोबर याच तलावात पोहायला शिकलेलं आठवलं, आणि इतकी लाज वाटली की कानाच्या पाळ्या गरम झाल्या.

भैयाजी मोठ्याने म्हणाला, "गुरुजी, कोरं कार्ड हाय काय? परसरामले जबाब लिवा. का ४८८ च्या शेऱ्यात दुरुस्ती हाय. मोठीनं लहानीचं जेवढं घेतलं होतं तेवढं वापस केलं. तपासनीची गरज नाही."

मंडळी पुन्हा हसली. बाबुलालच्या थैलीतून कार्ड निघालं, गुरुजींनी हसत हसत लिहिलं. खाली "आपला तेजराम" लिहायला ते टाक टेकवणार, तोच देवाजीने हात पुढे केला.

"थांबा गुरुजी. सही मी करतो."

"तुम्ही काहून?"

"दुरुस्तीवर ज्याची चूक त्याची सही लागते," देवाजी म्हणाला. त्याने गुरुजींच्या हातातून टाक घेतला आणि पंचनाम्यावर करायचा तशी, पूर्ण नावाची, वळणदार सही केली. ती करता करता ओट्यावरचं हसू हळूहळू थांबत गेलं. मारोतरावांचं सगळ्यात शेवटी थांबलं. बाबुलालने कार्ड घेतलं, नियमाप्रमाणे पहिल्या अक्षरापासून सहीपर्यंत मोठ्याने वाचलं आणि थैलीत टाकलं.

कुणी काही बोलायच्या आत ललिताबाई बाहेर आली. तिच्या सुपात उरलेले सगळे आंबे होते. तिने ते नवऱ्यापुढे ठेवले, आणि देवाजीने त्यातला सगळ्यात मोठा निवडून भैयाजीच्या हातात दिला.

भैयाजीने आंबा हुंगला. बोटाने दाबून पाहिला. मग उलटा करून देठाची बाजूही पाहिली आणि देवाजीकडे डोळे बारीक करून विचारलं, "आता अखीन काय गाडून ठेवलं हाय बे?"